चिमणीची वाटी

भाकर कुस्करून वाटी ठेवली, तर आजही शेरू दोन पावलं मागं सरकून उभा राहिला. माझे गुडघे वाकत नाहीत, तरी त्याच्यासाठी रोज वाकते. दुधात भिजलेल्या भाकरीचा वास आला, की वणीच्या क्वार्टरमधली ती सकाळ आठवते.

यांनी जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं होतं, हाच शेरू. दोन महिन्यांचं, तरी आमच्या म्हाताऱ्या पामेरियन चिमणीहून मोठं. चिमणी त्याच्यावर सारखी गुरगुरायची. हे आर्णीकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. गाय परकं वासरू जवळ घेत नसली, की त्याच्या अंगाला मीठ चोळतात. यांनी तेच केलं.

"आता पाह्य, कशी चाटते त्याले."

चिमणीनं चाटलं खरं. पण पिल्लानं तिच्या वाटीत तोंड घातलं, तशी त्याच्या कानाला कडकडून चावली. एवढं दांडगं पिल्लू खाटेखाली जाऊन थरथरत बसलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

चिमणीला जाऊन आता चार वर्षं झाली. शेरू अजून तिचं खाऊन व्हायची वाट पाहतो. मग मीच थकून म्हणते, "खा रे बाप्पा, तिचं झालं."