टाके घालणारा हात

माझी आई नागपुरात लकडगंजमधल्या एका दुकानासाठी ब्लाऊज शिवायची. पट्टी लागायची मालकाच्या नावाची. गिऱ्हाइकं त्याचं कौतुक करायची आणि आई मान खाली घालून पुढची बाही जोडायची. त्या मशीनच्या खडखडाटात शिकून मी घरातला पहिला पदवीधर झालो, मग फौजदार. आईची ती खाली गेलेली मान एका तपासात कामी आली. तो दिवस आठवला की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो.

सरकारी रुग्णालयातल्या सर्जन बाईंचा फोन आला. मौद्याकडच्या एका बाईने प्रताप नगरातल्या खाजगी दवाखान्यात स्तनांत इम्प्लांट बसवून घेतले होते. आता आत पू, अंगात ताप.

"इम्प्लांटच्या नंबराचा स्टिकर पेशंटला द्यावाच लागतो. हिच्याकडे काहीच नाही," सर्जन म्हणाल्या. "हिचे मी काढते. पण असे अजून कोणाला बसवले असतील, तर त्या बायका लवकर शोधा!"

जबाब घेताना ती बाई एवढंच म्हणाली, "साहेब, माह्या आंगात काय टाकलं, थेच मले माहीत नाही."

दवाखान्याच्या डॉक्टराने फाइल हरवल्याचं सांगितलं. "ऑपरेशन मीच केलं. काखेतून चीर देऊन, स्नायूखाली बसवले."

मी मनात टाळीच वाजवली! सर्जन बाईंनी मला आधीच समजावलं होतं: चीर काखेतून देतात, स्तनाग्राच्या कडेने देतात, नाहीतर स्तनाखालच्या घडीत. या बाईची जखम घडीत होती. म्हणजे डॉक्टर टेबलाजवळ नव्हताच.

मग ऑपरेशन थिएटरमधला मदतनीस समोर बसवला. दोन तास एकच पालुपद, "मले काही माहीत नाही." बाईच्या संमतीने काढलेला जखमेचा फोटो मी उचलला.

"काय हात आहे डॉक्टरांचा! एकसारखे, बारीक टाके. नाव उगाच नाही झालं."

त्याचा जबडा आवळला.

"असा कारागीर नागपुरात दुसरा नसेल."

"कायचा डॉक्टर!" तो उसळला. "त्याले गाठ तरी माराले येते का? माह्ये टाके हायेत थे!"

लिहिणाऱ्या हवालदार बाईंचा पेन थांबला. "लिहा, बाई," मी म्हणालो.

त्याच्या घरून पंचनामा करून एक वही जप्त केली. आपल्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद त्याने हौसेने ठेवली होती: नाव, फोन, शेजारी स्टिकर. चार नावांपुढे जागा कोरी.

"हे काहून कोरं?" मी त्याला विचारलं.

"जुने बसवले, साहेब. दुसऱ्या बायांचे काढलेले. डॉक्टर म्हणे, धुऊन टाक."

चौघींतली एक रुग्णालयात होतीच. उरलेल्या तिघींना हवालदार बाईंनी फोन लावले. एक रडायलाच लागली, "घरी कोणाले माहीत नाही, मॅडम."

"मी साडीत येतो वं, मैत्रीण म्हणून," हवालदार बाई तिला म्हणाल्या. "तू फक्त तयार राहा."

आरोपी दरडावल्याने जितका बोलत नाही, तितका आपल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला गेलं की बोलतो, हे मी त्या टेबलावर शिकलो. खरं तर आईच्या मशीनशेजारीच शिकलो होतो.

तिघींचेही इम्प्लांट वेळेत निघाले. मौद्याकडची बाई बरी होऊन घरी गेली. दवाखान्याला कुलूप लागलं आणि दोघांनाही शिक्षा झाली.