मामा तलावाचा मामा

आमच्या कॉलेजात पर्यावरणाचा पेपर कोणाच्याही गळ्यात पडतो. आमच्या शेवटच्या वर्षी तो इंग्रजीच्या सरांच्या गळ्यात पडला. सर कोल्हापूरकडचे, भंडाऱ्यात नवीन. माणूस वाईट नव्हता. आमच्या 'मले-तुले'ला हसायचे नाहीत, उलट कौतुकाने ऐकायचे. त्यांनी सगळ्यांना एकच प्रकल्प दिला, 'आपल्या गावाचा तलाव', आणि कॉलेजची सूचना वाचून दाखवली. एआयची मदत घेतली तर कुठे आणि कशी घेतली ते शेवटच्या पानावर लिहा, लपवलंत तर प्रकल्प नामंजूर. प्रकल्प नामंजूर म्हणजे पेपर नापास, आणि पेपर नापास म्हणजे पदवी अडकली. मला तर त्याच वर्षी बी.एड.ला जायचं होतं.

ती सूचना मला पटली होती. अजूनही पटते, आणि त्याचाच जास्त राग येतो.

माझं गाव भंडाऱ्याहून येताना अड्याळच्या थोडं अलीकडे. आमचं धान गावच्या तलावाच्याच पाण्यावर पिकतं. मी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून फिरले, पाटाला पाणी कधी सोडतात ते बाबांना विचारलं, मासे धरणाऱ्यांशी बोलले. माहिती ढीगभर जमली, पण मांडायची कशी ते सुचेना. तेव्हा मोबाईलवर एआयला विचारलं. त्याने मुद्द्यांचा क्रम छान लावून दिला. मग मी सहज विचारलं, आमच्या तलावाला मामा तलाव म्हणतात, ते का? त्याने बेधडक सांगितलं की फार पूर्वी एका मामाने लाडक्या भाचीच्या शेतासाठी हा तलाव खोदला, म्हणून लोक त्याला प्रेमाने मामा तलाव म्हणतात.

आई तांदूळ निवडत होती. तिला वाचून दाखवलं.

"कोणाचा मामा वो? तुह्या मामानं तं साधी विहीर नाही खंदली," ती म्हणाली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मालगुजार म्हणजे पूर्वी गावाचा शेतसारा गोळा करणारा, तलावही त्याच्याच ताब्यात. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणू लागले, आणि 'मा. मा.' लिहिता लिहिता त्याचं मामा झालं. मी प्रकल्पात तेच लिहिलं. शेवटच्या पानावर मांडलं की क्रम एआयकडून घेतला, मामा-भाचीची गोष्टही त्यानेच सांगितली, पण ती चुकीची निघाली म्हणून टाकून दिली. त्या पानाचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

भंडाऱ्याच्या बसमध्ये मैत्रिणीने ते पान पाहिलं. "हे कायले लावून राहिली? काढून टाक ना वो. कोणीच नाही लावून राहिलं." तिने आख्खा प्रकल्प एआयकडून उतरवून घेतला होता, वर्गातल्या बहुतेकांनी तसंच केलं होतं.

"मी काहून भिऊ? चोरी थोडीच केली," मी म्हणाले.

तोंडी परीक्षेला सरांनी माझी फाईल मागच्या पानापासूनच उघडली. शेवटचं पान निम्मं वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तू एआय वापरलंस."

"हो सर, पण फक्त क्रम लावायला. वापरलं तर लिहा, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"ते कोणी वापरू नये म्हणून सांगितलं होतं."

हे वाक्य आजही माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. मग सरांनी पानं उलटली आणि माजी मालगुजारीच्या मजकुराखाली लाल रेघ ओढली.

"ही सरकारी भाषा एआयचीच दिसते. बाकीच्यांनी बघ, लोकांत मिसळून लिहिलंय. मामाची आणि भाचीची गोष्ट. वेगवेगळ्या गावांतली मुलं तीच गोष्ट सांगतायत, म्हणजे ती लोकांच्या तोंडी असणारच. तुझ्याच तलावाची गोष्ट तुला माहीत नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, तो मामा तसा मामा नाही ना जी! आमच्या गावात कोणालेही विचारा!"

सर समजूतदारपणे हसले. ते हसू पाहून फाईल आपटावीशी वाटली. पानाचा उरलेला अर्धा भाग वाचा, एवढंच म्हणायचं होतं. मामा कुठून आला ते त्यांना तिथेच कळलं असतं, आणि बाकीच्यांकडे तो कुठून आला तेही. पण दारात माझी मैत्रीण आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. सरांनी ते वाचलं असतं तर तिचाही प्रकल्प नामंजूर झाला असता. मी गप्प बसले. सरांना वाटलं, पकडली गेली म्हणून गप्प बसली.

"एक संधी देतो," ते म्हणाले. "स्वतःच्या मनाने लिहून आण."

मी घरी बसून तोच प्रकल्प त्याच क्रमाने पुन्हा लिहिला. शेवटचं पान लावलं नाही. मालगुजारीचा मजकूर गाळला. मामाची गोष्ट मात्र काही केल्या लिहवेना, म्हणून तलावाचं नावच टाकलं नाही, नुसतं 'गावचा तलाव' म्हटलं. सरांनी तो चाळला आणि म्हणाले, "आता कसं तुझं वाटतंय." पास केलं.

बी.एड.ला प्रवेश मिळाला. पाठाचं टाचण तपासताना तिथल्या मॅडमनी वर्गाला विचारलं, "एआयची मदत कोणी कोणी घेतली? खरं सांगा. मी मार्क कापणार नाही, मला फक्त समजून घ्यायचंय." त्या मनापासून विचारत होत्या, हे मला दिसत होतं. माझ्या टाचणातले दोन प्रश्न मी त्यालाच विचारून सुधारले होते. सगळे वह्यांत माना घालून बसले. माझा हात बाकावरून उठला नाही. मला स्वतःचा संताप आला, तरी उठला नाही.

मॅडम खूश झाल्या. "वा," त्या म्हणाल्या, "प्रामाणिक वर्ग आहे."