मुंगीताई आणि सुताराचा पाय

टाके घालायच्या खोलीतल्या नर्सबाईंना सगळे मुंगीताई म्हणत. सुई टोचण्याआधी त्या प्रत्येकाला सांगायच्या, "मुंगी चावेल बघा, की संपलं!" बाईंच्या पायाला भिंगरी. खोलीत खुर्ची होती, पण त्यांना तीवर टेकलेलं कुणी पाहिलं असेल तर शपथ.

बधिर करायच्या औषधाची बाटली त्या मुठीत धरूनच हिंडायच्या, कारण गार औषध जास्त झोंबतं. शिवाय ते मुळात आंबट. डॉक्टरांना विचारून त्यात थोडं सोड्याचं औषध मिसळलं की आग कमी होते. घाबरलेल्याला त्या समजावत, "नसेला बारीक दारं असतात. त्यातून मीठ आत शिरलं की दुखल्याची बातमी मेंदूकडे पळते. हे औषध त्या दाराला आतून कडी घालतं. तास-दोन तासांत रक्त ते धुऊन नेतं, दार पुन्हा उघडतं." पू झालेल्या जागी मात्र औषध नीट चढत नाही. मग डॉक्टर जरा लांबून नस गाठत, आणि ताई पेशंटला "धीर धरा" म्हणत स्वतःच येरझारा घालत.

ताईंचा नवरा सुतार. मधुमेह जुना आणि पथ्याच्या नावानं बोंब! एका संध्याकाळी तो घरात आला आणि त्याच्या मागोमाग फरशीवर रक्ताचे ठसे उमटले. खिळा चपलेतून तळव्यात घुसला होता आणि महाशय त्याच्यावरच दिवसभर हिंडले होते.

"अहो, कळलं कसं नाही तुम्हाला?"

"कामात होतो गं."

सकाळी तो त्याच खोलीत टेबलावर आडवा झाला. ताईंनी सिरिंज भरली आणि सवयीनं म्हणाल्या, "मुंगी चावेल हं."

"थांबा ताई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जखमेची कड चिमट्यानं उचलली. सुतार वर बघत पंख्याच्या पात्याचा तोल गेलाय म्हणून सांगत होता. "यांना इंजेक्शन नकोच," डॉक्टर हळूच म्हणाले आणि त्यांनी जखम साफ करायला घेतली.

ताई भरलेली सिरिंज हातात घेऊन उभ्या राहिल्या. औषधानं लावलेली कडी निघते. इथे साखरेनं नसच खाल्ली होती. जन्मभर लोकांची दुखणी थांबवलेली ही बाई मनातल्या मनात नवऱ्याला विनवत होती, ओरडा हो, एकदा तरी ओरडा!

हा पाय असा, मग दुसऱ्याचं काय? तोही गेला तर हा माणूस रंध्यापाशी उभा कसा राहणार? डॉक्टरांना विचारायची ताईंची छाती झाली नाही. घरी आल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. शेवटी त्यांनी दात कोरायची काडी घेतली आणि सुताराला पलंगावर बसवलं.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा."

"आता हे काय नवीन?"

"मिटा म्हणते ना!"

चांगल्या पायाच्या अंगठ्याला काडी लावली. सुतार गप्प. करंगळीला लावली, तळव्याला लावली. गप्पच. त्याच्या कपाळावर घाम आला; बायकोचा श्वास त्याला ऐकू येत असणार. ताईंना पुढे बघवेना. त्यांनी काडी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

तेवढ्यात डोळे घट्ट मिटलेला सुतार कळवळला, "आई गं! केवढ्यांदा टोचतेस!"