दादांच्या लेखांचे दोन खंड

आमचं मराठी वाचनालय कॉलेजच्या ग्रंथालयात विलीन झालं, त्या दिवशी मी एका करारावर सही केली. करार मी वाचला नव्हता.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरी नाही, वसुधाताईच्या तेराव्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच.

वसुधाताई माझी वरिष्ठ. शिंदे की छावनी या मोहल्ल्यातून रोज चालत यायची. आमच्या वाचनालयाच्या जुन्या मासिकाची सूची तिनं स्वतःच्या हातानं लिहिली होती. त्या मासिकात तिच्या वडिलांचे, दादांचे, लेख होते — इथल्या, या हिंदी मुलखातल्या मराठी घरांविषयी. दुसरीकडे ते कुठंच छापलेले नव्हते, आणि अंकांचा दुसरा संचही कुठं उरला नव्हता.

कॉलेजकडे जागा कमी. मासिकाचे अंक एक कंपनी स्कॅन करून ऑनलाइन ठेवणार होती. तसं झालं की बांधीव खंड रद्दीत द्यायचे, असं ठरलं. करार त्या कंपनीशी होता; तो वाचून सही करायचं काम माझ्याकडे होतं.

“ऑनलाइन म्हणजे हमेशासाठी ना रे?” ताईनं विचारलं.

“हो ताई. कायमचं.”

“पूर्ण वाचलंस?”

“वाचलं.”

“मग झालं तर! तू तर जलेबीच्या पुडीचा कागदही सोडत नाहीस.”

सगळे हसले. मीही. त्या हसण्यात मला कसं म्हणता आलं असतं, की हा एकच कागद मी सोडला?

स्कॅनिंग झाल्यावर तिनं विचारलं — दादांचे लेख असलेले दोन खंड घरी नेऊ का? मी म्हटलं, नियमात बसत नाही, आणि आता गरज तरी काय?

एवढंच असतं तर चूक म्हटली असती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी करार वाचला. वर्गणी चालू असेपर्यंतच वाचता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खंड तेव्हा व्हरांड्यात होते — सुतळीनं बांधलेले. हजीरा मोहल्ल्यातला रद्दीवाला दोन दिवसांनी येणार होता. दोन खंड काढून तिच्या टेबलावर ठेवायला किती वेळ लागला असता? पण मग सांगावं लागलं असतं, की मी खोटं बोललो. मी येता-जाता मान वळवत राहिलो. मग रद्दीवाल्याचा ठेला आला. रद्दीच्या यादीवर सही ताईनं केली — माझ्या शब्दावर.

पुढे कॉलेजनं वर्गणी थांबवली आणि कंपनीनं तो संग्रहच काढून टाकला. ताई तोवर निवृत्त झाली होती. तिला दादांच्या लेखांचं पुस्तक करायचं होतं. लेखक गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट वारसांकडे राहतो. हक्क तिचा होता. पान एकही नव्हतं.

दर मंगळवारी ती यायची. मी म्हणायचो, “सर्व्हर डाउन है, ताई.” — हे वाक्य मला मराठीत कधीच म्हणता आलं नाही.

“कोई बात नहीं. पुढच्या मंगळवारी बघू.”

किती मंगळवार गेले, ते — नाही, ते मला आठवतं, लिहिवत नाही. शेवटी एका मंगळवारी तिला सांगितलं, संग्रह गेला. करारातल्या वर्गणीच्या कलमाचं नाही सांगितलं.  ती म्हणाली, “मीच मूर्ख. दोन खंड पिशवीत घालून न्यायला हवे होते. सहीपण मीच केली.”

मी मान डोलावली. हो — डोलावली.

माघात ती गेली.

तिच्या हातची सूची माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यात दादांच्या लेखांची नावं आहेत, आणि पुढे पानांचे आकडे.