क्रीटचे लोक, सबनीस काका आणि माझा जळफळाट

परवाच्या शनिवारचा खरा खर्च सांगतो… ऐन गर्दीच्या वेळी माझं वड्यांचं दुकान बंद, बटाटेवड्यांचे दोन ट्रे फुकट, आणि वर जळफळाट झाला तो वेगळाच.

वेस्ट विंडसरला सबनीस काकांच्या बेसमेंटमध्ये त्यांचं भाषण होतं. काका रिटायर्ड डॉक्टर, नुकतेच ग्रीसमधलं क्रीट बेट बघून आलेले. विषय असा, की चारेक हजार वर्षांपूर्वी तिथे राजवाडे बांधणारे मिनोअन लोक मुळात आले कुठून?

मला ओढून नेलं माझ्या मुलीने. ईरा कॉलेजात आर्किऑलॉजी शिकते. माझ्याशी बोलताना तिचा एक डोळा फोनवर असतो… आणि काकांसमोर पहिल्या रांगेत, फोन पर्समध्ये! मी मागे चहाच्या थर्मासपाशी. कान मात्र तिकडेच.

काका म्हणाले, "एवढं वैभव बाहेरून, इजिप्तहून आलं असणार, असं पूर्वी काहींना वाटायचं. मग जुन्या हाडांतला डीएनए तपासला. तर हे बहुतांशी त्याच भागातल्या पहिल्या शेतकऱ्यांचे वंशज निघाले."

मला चान्स दिसला. "म्हणजे माझ्यासारखेच की काका! सेल्फ-मेड! मी पण या देशात शून्यातून उभा राहिलो, कुणाचा टेकू नाही…" लोक हसले. काकाही हसले, आणि माझ्याच वड्याचा घास घेतला.

ईरा मागे वळली. "नो बाबा, उलट आहे. त्यांच्या खूप आधी कोणीतरी होड्यांतून आलं, पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली. दे वेअर नॉट सेल्फ-मेड ॲट ऑल."

"करेक्ट!" काका म्हणाले. पोरीचा चेहरा असा फुलला… मी कार घेऊन दिली तेव्हाही नव्हता फुलला.

परतताना गाडी मी चालवत होतो. सिग्नलला तिने विचारलं, "बाबा, तुझ्या आधी इथे आपलं कोण होतं?" फोन खाली ठेवून विचारलं, बरं का.

मग काय, आमचं गाव एडिसन येईपर्यंत मीच बोलत होतो. दुकान घ्यायच्या आधी मी एका गॅरेजमध्ये वडे तळून विकायचो, हे तिला माहीतच नव्हतं.

"कोणाच्या गॅरेजमध्ये?"

आता खोटं कसं बोलणार… सबनीस काकांच्या. आम्ही बसलो होतो त्या बेसमेंटच्या शेजारीच आहे ते. भाडं त्यांनी कधी घेतलंच नाही.