घंगाळातली वायर

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावासाठी फोटो साफ करायचे, हे माझं काम. फोटो काढतात आमचे हे. खंडाळ्याचा एखादा बंगला रिकामा झाला की तिथली तांब्यापितळेची भांडी विक्रीला निघतात. हे तिथे जाऊन मोबाइलवर फोटो काढतात आणि मी घोरावाडीला घरी बसून त्यातले डाग, धूळ, मागचा पसारा पुसते. चकचकीत भांड्यात फोटो काढणारा हमखास दिसतो, त्यामुळे रोज मी नवऱ्यालाही पुसते. सासूबाई एकदा बघून म्हणाल्या, "आमच्या येळंला असलं काय असतं, तर मी बी तुज्या सासऱ्याला पुसला असता."

त्या दुपारी एका बंद बंगल्यातून पितळी घंगाळाचे तीन फोटो आले. आत रेंज नव्हती, म्हणून हे फाटकापर्यंत येऊन फोटो पाठवत आणि पुन्हा आत जात. सोबत निरोप होता, 'आता कोपऱ्यातला बंब साफ करतो, खालच्या तोंडात जळमटं भरलीत.'

पहिल्या फोटोत घंगाळाच्या फुगीर पोटात मोबाइल धरून ओणवे झालेले हे, आणि मागे भिंतीलगत एक काळी वायर. नेहमीसारखं दोन्ही पुसलं. दुसऱ्या फोटोत वायर भिंतीपाशी नव्हती. यांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर होती. मी फोटो मोठा केला. वायरचं एक टोक जमिनीवरून उचललेलं होतं.

तिसऱ्या फोटोत ती कुठेच नव्हती. कोपऱ्यात नुसता बंब उभा.

यांना फोन लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, परत तेच. फोनमधली बाई ते इतक्या गोडव्याने सांगत होती की तिला झोडपावंसं वाटलं. हे हात घालताना कधी बघत नाहीत. घरच्या फडताळातही असाच न बघता हात घालतात आणि माझी बोलणी खातात.

बंगल्याची चावी शेजारच्या बंगल्यावरच्या राखणदार आबांकडे असायची. त्यांचा नंबर यांनी मला दिलेला होता, तो सापडला.

"आबा, आमचे हे बंगल्यात आहेत. तिथे साप आहे, बहुतेक बंबात. त्यांना हात घालू देऊ नका!"

"तुमी कुटं हायसा?"

"घरी. मला फोटोत दिसला."

"फोटोत?" आता आबा हसून फोन ठेवणार, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "बरं, ठिवू नका फोन. जातो."

चपलांची फटफट ऐकू आली. फाटक करकरलं. मग आबांची आरोळी, "ओ दादा, हात काढा भाईर!" आणि फोन कट झाला.

मी बसून राहिले. सासूबाई दारात येऊन विचारत होत्या, काय झालं म्हणून. तोंडून काढलं तर ते खरं होईल, असं वाटत होतं.

फोन वाजला तेव्हा आधी नुसता श्वास ऐकू आला. मग हे म्हणाले, "अगं, नाग आहे. बंबाच्या तोंडात हात घातलाच होता मी." मी रडले. मग तोंडाला येईल ते बोलले. सर्पमित्र येऊन नाग घेऊन जाईपर्यंत हे फाटकातच उभे होते.

संध्याकाळी हे घरी आले. फोटो त्याच दिवशी चढवायचे होते, म्हणून मी दुसरा फोटो पुन्हा उघडला. आधी नाग पुसला. मग यांची पाळी आली. घंगाळाच्या पोटात एवढेसे, ओणवे, टक्कल चमकतंय. माझा हात पुढे जाईना.

"पूस की," हे म्हणाले. "गिऱ्हाईक हसेल."

"हसू दे. मला नाही जमायचं."

सासूबाई आमच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी पडद्यावर वाकून बराच वेळ बघितलं.

"ऱ्हाऊ दे त्याला तितंच," त्या म्हणाल्या, आणि मी फोटो तसाच चढवला.