गेरूखालचे कडे

परदेशात राहणाऱ्या आमच्या मुलीकडून आम्ही वाईला परतलो, तेव्हा पत्नीच्या मांडीवर तांबडे कडे उमटले होते. मुलीच्या घरामागे हरणे चरत. त्या गवतातून पत्नी रोज पूजेची फुले वेचून आणी. मी कडे पाहिले आणि नागीण ठरवली. नागिणीचे तोंड शेपटीला मिळू नये म्हणून स्तोत्र म्हणत गेरूचा लेप लावायचा, ही आमची वडिलोपार्जित सेवा. इथे तर तोंड मिळालेलेच होते. मी भिऊन दिवसातून दोनदा लेप लावला. पंधरवड्यात कडे मावळले. मी देवापुढे नारळ फोडला.

काही महिन्यांनी तिचा गुडघा सुजला. घाटाच्या पायऱ्या उतरणे थांबले. अनेक दवाखाने झाल्यावर सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "अंगावर कधी गोल चट्टा उठला होता?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी सगळे सांगितले.

"आजोबा, ती नागीण नव्हती. हरणांच्या गवतातली तिळाएवढी गोचीड चावली होती. तो चट्टा लेप न लावताही मावळतो, आणि गोचिडीतून आलेला जंतू आत सांध्यांपर्यंत पसरतो. गोचिडीच्या पोटात त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं. ती रक्त पिऊ लागली की ते टाकून तो दुसरं धारण करतो. माणसाच्या शरीरात आल्यावर बाहेरचं एक प्रथिन सारखं बदलत राहतो. आपल्या रक्षक पेशी जुनंच रूप शोधत बसतात."

एकच तत्त्व अनेक रूपे धारण करते, हे मी जन्मभर हात जोडून शिकवले. तिथे माझी मान खाली गेली.

"गुडघा बरा होईल ना?"

"औषधानं जंतू मरतील. सूज किती ओसरेल, ते आज नाही सांगता येत. तेव्हाच आला असतात तर..."

परतताना पत्नी म्हणाली, "गावाच्या नागिणी उतरवल्यात, घरची तेवढी ओळखली नाहीत." ती हसली. मला हसता आले नाही.

औषधे संपली, सूज उरली. परवा शिराळ्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या बरगडीवर फोड होते.

"आवं काका, गेरू लावा की. लय आग हुतीया."

"आधी डॉक्टरांना दाखवा, आजच."

"तुमीच असं म्हणाय लागल्यावर आमी कुणाकडं बघायचं?"

ती दोघे गेल्यावर पत्नी भिंत धरून उठली. "घाटापर्यंत न्याल?"

तिला सांभाळत नेले. वरच्या पायरीवर ती बसली आणि तिने तांब्या माझ्या हाती दिला. कृष्णेच्या पाण्यापर्यंत मी एकटाच उतरलो.